वॉचमनाची झोप

‘‘वयनी, कुशीक सरात. आंबो कापूंक जायच. लांकडां कोणूच दिना.’’

माझा दीर दत्ताराम कुऱ्हाड घेऊन परसात उभा होता आणि मी आंब्याला पाठ लावून उभी होते. ओसरीवर माझा नवरा चटईवर आडवा होता, नाकात कापूस, पायांचे अंगठे बांधलेले. शेजारची कमलाक्षी तोंडाला पदर लावून एकदा आत मेलेल्याकडे बघत होती, एकदा बाहेर भांडणाऱ्यांकडे. तिचं लक्ष बाहेर जास्त होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

‘‘आंब्याक हात लावलात तर भावोजी, पयली ती कुराड माज्यार घाला,’’ मी म्हटलं.

‘‘मगीर दादाक कशान जाळूं? कागदांनी?’’

प्रश्न बरोबर होता. लाटंबार्से गावाच्या टोकाला आमचा वाडा, लहानशी वस्ती. इथे कोणी गेलं की घराघरातून एकेक ओंडका येतो, कोणाला सांगावं लागत नाही. चोर मेला तरी येतो. त्या सकाळी साखळीच्या इस्पितळातून ह्यांना घरी आणलं, ऊन अंगणात उतरलं, तरी आमच्या दारात लाकडाची एक फाटी पडली नव्हती. माणसं मात्र सगळी आली होती. फाटकाबाहेर उभी होती, रिकाम्या हातांनी.

त्यांच्यातलाच कोणीतरी मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, ‘‘आमचे भारे ओडून घेतले तेन्ना बरें दिसतालें. आतां कंपनीक सांग म्हण, धाड लांकडां.’’

माझा नवरा खाणीवर वॉचमन होता. वाड्यात त्यांना गोकळो वॉचमन म्हणत. डोंगराला कंपनीचं कुंपण पडलं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरावर लाकडं मोडणाऱ्या बायका एका दिवसात चोर ठरल्या. त्यांना अडवायचं काम ह्यांच्याकडे आलं. भारा खाली ठेवायला लावायचे, कोयता काढून घ्यायचे, नाव विचारायचे. नावं सगळी पाठ असायची, एकाच वाड्यातली, तरी विचारायचे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, असं त्यांचं सरळ गणित होतं. ते वाईट नव्हते. चांगले होते असंही मी म्हणणार नाही, बायको असले म्हणून काय झालं.

पण त्यांची राखण माझ्याच नशिबी होती. रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपणार. आणि दिवसा वाडा जागा असतो. कोणाची चक्की, कोणाचा टेप, कोणाच्या कोंबड्या, कोणाच्या घरी गप्पांना जमलेल्या बायका. मी लग्न होऊन दोडामार्गाकडून आले तेव्हा गरीब गाय होते म्हणतात. कोणी मोठ्याने बोललं की मी धावत जायची, आधी हात जोडून, मग हात नाचवून. असं करता करता माझ्या जिभेचं हाड गेलं. वाडा मला भांडखोर म्हणतो ते खोटं नाही. पण मी जेवढी भांडणं केली त्यातली बहुतेक एका माणसाच्या झोपेसाठी केली, हे कोणी लक्षात घेत नाही. तो आंबा आमच्या मागच्या खिडकीवर पडदा धरून होता. दुपारच्या उन्हात त्या खोलीत काळोख असायचा तो त्याच्यामुळे. आणि दत्ताराम तो कापायला निघाला होता.

‘‘आंबो कापूक नको आणि जाळूक पण नको,’’ मी म्हटलं. ‘‘त्येंनी सांगितल्यानी हा. भाटात पुरूचा.’’

भाट म्हणजे घरामागची आमची काजूची बाग. हे बोलेपर्यंत मी ते करणार की नाही, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं.

खाण बंद झाल्यावर हे मांद्र्याला एका गेस्टहाऊसवर रात्रीचे वॉचमन म्हणून लागले. तिथे पुण्याची एक बाई येऊन राहायची. तिने आपल्या मरणाची सगळी तयारी करून ठेवली होती. लाकडं जाळायची नाहीत, पेटी नाही, सिमेंट नाही, दगड नाही. सुती कापडात गुंडाळायचं, रानात मातीत ठेवायचं आणि वर त्याच मातीतलं एक झाड लावायचं. हवा घाण होत नाही, झाड तुटत नाही, उलट एक वाढतं. रात्री झोप न येणारी बाई आणि रात्री झोपायची मुभा नसलेला वॉचमन, दुसरं काय बोलणार. सुट्टीवर घरी आले तेव्हा चहात पावाचा उंडो बुडवता बुडवता मला म्हणाले, ‘‘म्हाका जाळूं नाका हां. काजूंच्या भाटांत पूर. वयर एक झाड लाय.’’

‘‘कुत्रो मेलो तर पुरतत. घोवाक कोण पुरता?’’ मी म्हटलं.

‘‘सरणाच्या उज्यांत मडें उठून बसता. पळयलां न्हय तुवें? मगीर बडयेन मारून न्हिदयतात.’’ उंडो चहात पडला, तो त्यांनी बोटाने काढला. ‘‘म्हाका परत उठपाचें ना. न्हिदूंक जाय.’’

झोपेचा तो विषय तोडायला मी विचारलं, ‘‘आणि झाड कसला लावूचा?’’

‘‘किंदळ. तेका फळ ना, कांय ना. कोण चोरूंक येना. काजू लायशी जाल्यार परत राखण आयली.’’

मी हसले होते. ती त्या बाईची फॅशन ह्यांच्या डोक्यात शिरली, चार दिवसांत उतरेल असं वाटलं. पण त्या सकाळी लाकडं आली नाहीत, कुऱ्हाड आली, आणि मला ते बोलणं आठवलं. अर्धं त्यांच्यासाठी आणि अर्धं वाड्याच्या नाकावर टिच्चून, असं मी ते बोलले. रागाने घेतलेला निर्णय चुकीचाच असतो असं काही नाही.

फाटकाबाहेर एकच गलका झाला.

‘‘पुरपाक तो म्हाराज कितें? समाधी बांदतली काय?’’

‘‘आमी कितें किरिस्तांव?’’

‘‘जळूंक नाशिल्लो मनीस भोंवता वयनी,’’ दत्ताराम म्हणाला. ‘‘तो देवचार, भूत जाता. वर्साक मान मागता. कोण दितलो तेका?’’

आमच्या वॉर्डाचा पंच प्रज्योत कोणीतरी बोलावून आणला होता. तो माझ्या मुलीच्या, गौरवीच्या वर्गातला. त्याने भाटात जाऊन विहीर किती लांब आहे ते बघितलं आणि परत येऊन खांदे उडवले. ‘‘कायद्याची आडखळ ना. जागो तांचो, बांय पयस. पूण गांवाची आसा,’’ तो म्हणाला आणि सावलीत जाऊन फोनवर बोलायला लागला.

शेवटी निर्णय देवाने दिला म्हणायचा. मडं उचलल्याशिवाय देवळात पूजा होत नाही आणि पूजा झाल्याशिवाय वाड्यात चूल पेटत नाही. ऊन चढत गेलं तसे फाटकाबाहेरचे आवाज उतरत गेले. रिकाम्या पोटी माणूस तत्त्वाला फार वेळ धरून राहत नाही. ‘‘कितें जाय तें करूं दी, पूण बेगीन करूं दी,’’ असं कोणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणाले.

दत्तारामने कुऱ्हाड अंगणात टाकली. ‘‘कर तुका जाय तें. हांव त्या मातयेक हात लावचों ना.’’ इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा ‘तू’ म्हणाला आणि आपल्या घरात गेला.

भेडशीहून माझा भाचा गणेश आला, दोन मित्रांना घेऊन. त्यांनी खड्डा खणला. ह्यांच्या अंगावर वॉचमनचा खाकी शर्ट होता, इस्पितळात नेताना घातलेला. तो टेरिकॉटचा. तो आम्ही काढला. माझ्या जुन्या सुती लुगड्यात त्यांना गुंडाळलं, खाली काजूचा पाला घातला. कमलाक्षी फाटकाआत आली ती मिठाची पिशवी घेऊन.

‘‘पुरतलीं जाल्यार मीठ घाल गो. म्हाराजांक घालतात. नाजाल्यार कुसतलो तो.’’

‘‘तेंका कुसूचाच हा,’’ मी म्हटलं. ‘‘मीठ घातलंय तर झाड मरात.’’

ती पिशवी घेऊन परत गेली आणि हे वाक्य तिने वाडाभर वाटलं. नवऱ्याला कुजवणारी बायको. गौरवीने शेवटची माती दिली, तिच्या नवऱ्याने, साईशने, पाणी घातलं, गणेशने डोंगराच्या उतारावरून किंदळीचं रोप आणून लावलं. मी रडले नाही. झोपलेल्या माणसाजवळ रडायची मला सवय नव्हती.

त्यानंतर वाड्याने मला जे काही केलं ते गावांना चांगलं येतं. बाराव्याचं जेवण मी केलं आणि ते कमलाक्षीच्या कुत्र्यांनी खाल्लं. नळावर माझा कळसा दिसला की बायकांना एकदम घरची कामं आठवत. दत्तारामने दोन घरांच्या मध्ये काट्याचं कुंपण घातलं. एका सकाळी किंदळीचं रोप मुळासकट उपटून माझ्या पायरीवर ठेवलेलं होतं. मी ते उचललं आणि वाड्याच्या मधोमध उभी राहून ज्याने उपटलं त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग गणेशला फोन करून दुसरं रोप मागवलं. पाऊस संपल्यावर त्याला पाणी घालायला माझी कंबर चालेना, म्हणून मी पोफळीच्या कुळागराचा पाट वळवून भाटात घेतला. रोपाच्या आजूबाजूला घोट्याएवढा चिखल झाला आणि त्याने मूळ धरलं.

आणि मग ती जीप आली.

खाण परत सुरू होणार अशी कुजबुज वर्षभर होती. आधी वर ड्रोन फिरला, मग भाटांच्या दगडी कुंपणांवर मोजणीचे तांबडे पट्टे उमटले. वाड्याची घाबरगुंडी उडाली होती, आणि ती खोटी नव्हती. मागच्या वेळी खाण चालली तेव्हा डंपचा, टाकाऊ मातीच्या ढिगाचा गाळ पावसात खाली येऊन दत्तारामच्या शेतात बसला. तिथे त्याने परत भात लावून बघितलं, तांबडी माती सोडून काही उगवलं नाही. तेव्हापासून तो काजूवर जगतो. तर ती मोजणीवाल्यांची जीप वाट सोडून आमच्या भाटात घुसली, किंदळीजवळ आली आणि माझ्या पाटाच्या चिखलात चाकांच्या आसापर्यंत रुतली. मोजणीवाला खाली उतरला तो घसरला आणि त्याचा पाय मोडला. ट्रॅक्टर लावून जीप काढली. ते लोक गेले ते परत फिरकले नाहीत.

दोन दिवसांनी रोपाला पाणी किती पोचतंय ते बघायला गेले, तर बुडाशी विडीचं बंडल आणि काड्यापेटी. कोणी काजूवाला विसरला असेल म्हणून मी ती काड्यापेटी घरी आणून चूल पेटवली. पुढच्या अमावास्येला तिथे रोंट होता, तांदळाची जाड भाकर, केळीच्या पानावर. आणि बाजूला बाटली, उघडून वास घेतला तर काजूची दारू.

माझं डोकं फिरलं. माझा नवरा दारूला शिवला नाही. विडी ओढली तर झोप उडते म्हणून विडीला शिवला नाही. जिवंतपणी ह्या वाड्यात कोणी त्याला चहाचा कप दिला नव्हता. मी बाटली उचलली आणि दत्तारामच्या कुंपणापलीकडे भिरकावली. फुटल्याचा आवाज ऐकून बरं वाटलं. मग सरळ कमलाक्षीच्या दारात गेले.

‘‘कोण ठेवता गो थय?’’

 हळदीची पानं निवडत, खाली मान घालून ती म्हणाली, ‘‘कोप करूं नाका, वत्सला. सगळींच दवरतात. गोकळो राखणदार जालो.’’

‘‘कोणाचो?’’

‘‘आमचो. ती जीप तेणेंच अडयली न्हय? रातचो भोंवता. शितलान पळयला तेका. देवचार चूड घेवन भोंवता, हो बॅटरी घेवन भोंवता. वांगडा शीळ पण घालता, वॉचमन कशी.’’

मला आधी हसू आलं. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात ते हे. ज्याच्यासाठी घरातलं लाकूड सुटलं नाही त्याच्यासाठी आता घरातली काजूची सुटत होती. ‘‘ती जीप माज्या पाटाच्या चिखलात रुतली,’’ असं मी तिला सांगितलं. ‘‘तूंच सांग, त्याच दिसा पाट तुका थंय वळोवपाची बुद्ध कोणें दिली?’’ ती म्हणाली. पाट मी पावसाळा संपल्यापासून वळवला होता. 

घरी येऊन हसू गेलं. त्या दिवसापासून माझी झोप गेली. मी काही देवचार मानणारी नाही आणि न मानणारीही नाही, आमच्याकडे असं कोणी नसतं. मला एकच विचार पोखरायला लागला. कंपनीने ह्यांना जागवलं, मांद्र्याच्या गेस्टहाऊसने जागवलं. जाण्याआधी एकच गोष्ट मागितली, परत उठायला लागू नये. ती देण्यासाठी मी गाव अंगावर घेतला. आणि आता तेच गाव त्यांना पाळीवर घेत होतं, तेही कायमचं. एका माणसाने हाक मारली तर झोपलेला ऐकत नाही. पण एवढ्या सगळ्यांनी मिळून रोज हाका मारल्या, तर तो उठणार नाही कशावरून? मला भीती वाटायला लागली. वाड्याने वाळीत टाकलं तेव्हा वाटली नव्हती तेवढी.

मी दिसेल ते उचलून टाकत गेले आणि ते ठेवत गेले. काजू मोहोरावर आली. मोजणीवाले परत येणार, ह्या वेळी पोलीस घेऊन, अशी बातमी साखळीहून आली. आणि एका रविवारी सकाळी मी भांडी घासत असताना दत्ताराम काट्याचं कुंपण बाजूला सारून माझ्या परसात आला. हातात नारळ. अनवाणी.

‘‘वयनी,’’ तो म्हणाला, आणि परत ‘तुमी’वर आला, ‘‘आज गाराणें घालतात सगळीं. दादाक रितीन बसोवचो म्हणून. तुमी मुखार रावात. मान तुमचो.’’

‘‘त्या मातयेक हात लावूचे नाय होतास.’’

‘‘चूक जाली.’’

‘‘मगे आता पण लावू नका.’’

तो वळून भाटाकडे गेला. मी तशीच, हाताला राख लागलेली, त्याच्या मागून गेले.

सगळा वाडा होता. किंदळीभोवती जागा झाडून सारवलेली, पाय बांधलेला कोंबडा, पानाचा विडा, बाटल्या एका ओळीत. फाटकाबाहेर रिकाम्या हाताने उभी होती ती सगळी तोंडं मी ओळखली. आज एकही हात रिकामा नव्हता. मला वाट करून दिली. मी पुढे गेले नाही, एका काजूखाली उभी राहिले.

गाऱ्हाण्याची रीत अशी की एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी ‘होय म्हाराजा’ म्हणायचं. सगळ्यांनी एका आवाजात. मग नारळ फुटतो आणि शब्द पक्का होतो. दत्तारामने नारळ दोन्ही हातांत धरून वर केला. त्याचा आवाज चांगला आहे, भजनात तोच असतो.

‘‘बा राखणदारा म्हाराजा, आज ह्या वाड्याचीं ल्हान-व्हडलीं सगळीं तुज्या पांयांकडे आयल्यांत...’’

‘‘होय म्हाराजा.’’

‘‘आमचें चुकलें-माकलें पोटांत घाल. जिते आसतना तुका वळखूंक ना, ती चूक आमची...’’

‘‘होय म्हाराजा.’’

‘‘आमच्या भाटाचेर, शेताचेर, उदकाचेर जो कोण वायट नदर घालीत, तेका शिमेभायर उडय...’’

‘‘होय म्हाराजा.’’

‘‘आनी तूं रात म्हणूं नाका, दीस म्हणूं नाका, सदांच जागो राव...’’

‘‘नाय,’’ मी म्हटलं.

होकाराच्या मध्येच तो शब्द पडला. सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. पहिल्यांदा त्यांना वाटलं असावं की कानाचा दोष. दत्तारामने माझ्याकडे न बघता परत सांगितलं, ‘‘रात-दीस सदांच जागो राव म्हाराजा...’’

‘‘नाय.’’

‘‘वयनी, गाराण्यांत ना म्हणनात,’’ तो हळू आवाजात म्हणाला.  कोणी नकार दिला तर नारळ फोडता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. असा नकार ह्या वाड्यात कोणी ऐकला नव्हता. मागून एक जण म्हणाला, ‘‘हिका पयलीं भायर काडात.’’ कोणी पुढे आलं मात्र नाही.

मी किंदळीजवळ गेले. सारवलेल्या जागेवर पाय दिला, बाटल्या बाजूला केल्या. रोप माझ्या कमरेइतकं झालं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर मी त्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. आमच्यात बायका घेत नाहीत, आयुष्य कमी होतं. मी खाली वाकले आणि नाव घेऊन सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘‘गोकुळदास, हे काय बोलतत ता आयकू नको. खाण येवंदे, पोलीस येवंदे, कोणय हाक मारूंदे. तू उठू नको. नीज.’’

कोंबडा फडफडला आणि गप्प झाला.

दत्तारामने हात खाली घेतले. नारळ त्याने पोटाशी धरला होता. मला वाटलं तो भांडेल, मी तयार होते. पण त्याचे डोळे भरून आले. ‘‘तें सारकें वयनी,’’ तो म्हणाला. ‘‘पूण ते परत आयले जाल्यार? म्हजें शेत गेलें. आतां काजू वतल्यो. मगीर आमची राखण कोण करतलो?’’

हा प्रश्नही बरोबर होता. त्याचं कधी चुकायचं नाही, हाच त्याचा त्रास. मी सगळ्यांकडे बघितलं. माझ्या जेवणाला न आलेली, माझं रोप उपटणारी, नवऱ्याला कुजवणारी म्हणणारी माणसं. माझं एकावरही प्रेम नव्हतं. आजही नाही.

‘‘मी आसंय न्हय,’’ मी म्हटलं. ‘‘माका खय झोप येता?’’

 मग कमलाक्षी, सवयीने असेल, नाहीतर खरंच असेल, खालच्या आवाजात म्हणाली, ‘‘होय म्हाराजा.’’

मी तिच्याकडे वळून बघितलं. पण तोवर तिच्या बाजूला उभी शीतल, ह्यांना रात्री बॅटरी घेऊन फिरताना बघितलेली, म्हणाली, मग प्रज्योत म्हणाला, आणि मग सगळे म्हणाले, एका आवाजात. शब्द गेला तो गेला. दत्ताराम दोन पावलं पुढे आला आणि त्याने नारळ माझ्या पायाशी ठेवला.

‘‘उचला तो,’’ मी म्हटलं. ‘‘मी अजून जित्ती आसंय.’’

त्याने तो उचलला. माणसांनी कोंबड्याचे पाय सोडले, बाटल्या घेतल्या, पानं गोळा केली. जाताना पाला वाजू नये म्हणून ती काजूंच्या मधून एकामागून एक, पाय जपून टाकत गेली. मी मेरेवर, भाटाच्या कडेच्या बांधावर बसले. ऊन तापलं होतं. झाडाकडे पाठ केली आणि तोंड रस्त्याकडे ठेवलं.